तळ्यांच्या काठाकाठाने श्रीलंका

गुरुवार

पोळ्याच्या आत घरी परतायचं, या एका अटीवर दाजींनी श्रीलंकेला होकार भरला. भोकरदनकडे त्यांची शेती आहे, दावणीला बैलजोडी आहे, आणि बैलांची खांदेमळणी दुसऱ्याच्या हातून झालेली त्यांना चालत नाही. ताईला रावणाची लंका बघायची होती, आमच्या हिला हत्ती. मला ओढ होती ती तिथल्या तळ्यांची. जायकवाडीच्या कालव्यांवर माझी सगळी नोकरी झाली. पन्नास वर्षांत आपल्या चाऱ्या गवताने बुजतात, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी दिसत नाही. आणि तिकडे दीड हजार वर्षांपूर्वीची तळी आजही भाताला पाणी देतात, हे नोकरीभर ऐकत आलो होतो. ते डोळ्यांनी बघायचं होतं.

संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून अडीच तासांत कोलंबोचा कटुनायके विमानतळ. पुढे कुरुनेगलामार्गे व्हॅनने नारळाच्या बागांमधून हबरणा. गाव छोटं, पण अनुराधापुर, पोलोन्नरुव, त्रिंकोमाली आणि डंबुल्ला इकडचे रस्ते इथे एकत्र येतात, म्हणून मुक्काम इथेच ठेवला. रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. ताईने लातूरहून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, श्रावण असल्यामुळे ती शिदोरी फार कामाला आली. एरवी भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, आणि ओल्या खोबऱ्याचा लालभडक संबोल, यावर आमचं छान निभावलं.

शुक्रवार

पहिला मान कला वेवाचा. वेवा म्हणजे तळं. पाळीवर उभं राहिलं की समोरचा काठ धूसर होतो, इतकं मोठं. पाचव्या शतकात धातुसेन राजाने हे बांधलं. मातीचा बांध सुमारे सहा किलोमीटर लांब, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, आणि काठाने कुंबुकाची जुनी झाडं. कुंबुक म्हणजे आपला अर्जुनसादडा. त्याची मुळं पाण्यात उतरून काठ धरून ठेवतात.

दरवाज्यापाशी पाटबंधाऱ्याचा एक वयस्क कर्मचारी बसला होता. मी त्याच खात्यातला माणूस आहे म्हटल्यावर उठून उभाच राहिला. इंग्रजी दोघांचीही मोडकी, पण कामाची भाषा एक. त्याने काडी घेतली आणि मातीत बांधाचा छेद काढला. बांधाच्या आतल्या उतारावर एक चौकोनी विहीर, तिला चारी बाजूंनी घडीव दगड, विहिरीच्या तळातून बांधाखालून जाणारी दगडी मोरी. याला ते बिसोकोटुव म्हणतात. तळ्याचं पाणी आधी या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, आणि मोरीतून ते ठरवून दिल्याइतकंच बाहेर पडतं. उंच बांधातून पाणी काढताना खरा धोका असतो तो दाबाचा. मोरीच्या कडेने पाणी पाझरायला लागलं की मातीचा बांध आतून पोखरला जातो आणि एक दिवस बसतो. हे त्या लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी उमगलं होतं. हेन्री पार्कर नावाच्या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने या रचनेचा अभ्यास करून तिच्या कर्त्यांना मनापासून दाद दिली होती. त्या मातीतल्या आकृतीसमोर मीही हात जोडले.

कला वेवातून निघणारा कालवा म्हणजे जय गंगा, त्यालाच योध एळ असंही म्हणतात. लांबी सुमारे ८७ किलोमीटर, थेट अनुराधापुरच्या तिस्स वेवापर्यंत. सुरुवातीच्या पट्ट्यात त्याचा उतार किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. आज लेव्हल मशीन लावून एवढा बारीक उतार राखायचा म्हटलं तरी घाम फुटतो. आणखी एक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. कालव्याला बांध एकाच बाजूने आहे. दुसरी बाजू मोकळी, त्यामुळे वरच्या रानातलं पावसाचं पाणी वाटेत आपोआप कालव्यात येतं आणि सखल जागी पसरून लहान लहान डोह होतात. आपण कालवा म्हणजे पाणी नेणारी नळी समजतो. त्यांनी सगळा कालवाच लांबट तळ्यासारखा बांधला.

धातुसेनाची गोष्ट दाजींना फार लागली. पाली इतिवृत्तात ती आहे. त्याचा मुलगा कश्यप याने राज्य बळकावलं आणि बापाला दरडावून विचारलं, खजिना कुठे दडवलाय? धातुसेन म्हणाला, कला वेवावर चला, दाखवतो. तिथे तो पाण्यात उतरला, अंघोळ केली, आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला की माझी सगळी संपत्ती ती हीच. कश्यपाने त्याला जिवंत भिंतीत चिणलं. लोक याला जोडून आणखी एक गोष्ट सांगतात. हा बांध घालताना जागेवर एक भिक्खू समाधी लावून बसला होता, तो उठेना, म्हणून राजाने त्याच्यावरच मातीचा भराव टाकायला लावला. त्याचं फळ त्याला असं मिळालं. दाजी बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. "बापू, धरणात गेलेल्या गावांचीबी अशीच गोष्ट असती," एवढंच म्हणाले. पैठणच्या नाथसागराखाली किती गावं गेली हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

तिथून जवळच अवुकनची बुद्धमूर्ती. एकाच कातळातून कोरलेली, सुमारे बारा मीटर उंच, उभी. अंगावरच्या चिवराच्या चुण्या इतक्या पातळ आणि सरळ की ओल्या कापडाच्या वाटाव्यात. पावसाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून सुटला की बरोबर दोन पावलांच्या मधे पडतो, असं तिथे सांगतात. अनुराधापुरचा बोधिवृक्ष आणि स्तूप दुपारी पाहिले, पण उन्हात अनवाणी चालून ताईचे पाय भाजले, म्हणून लवकर निघालो. तिथलं जेतवन स्तूपाचं लाल विटांचं प्रचंड काम महासेन राजाचं, एवढं लक्षात ठेवा. हा राजा रविवारी पुन्हा भेटणार होता.

शनिवार

सिगिरिया. बापाला मारल्यावर भावाच्या भीतीने कश्यपाने या कातळावर राजधानी केली. ४७७ ते ४९५ हा त्याचा काळ. सपाट रानातून एकदम दोनशे मीटर उठलेला खडक, पायऱ्या बाराशेच्या आसपास. सकाळी सातलाच चढायला लागलो. गांधीलमाश्यांसाठी शांत राहा अशा पाट्या वाटेत आहेत, त्या मनावर घ्याव्यात.

पायथ्याशी पाण्याच्या बागा आहेत. कुंडं, कारंजी, जमिनीखालून नेलेल्या नळ्या. ही कारंजी आजही पावसाळ्यात उडतात. आम्ही गेलो तेव्हा तिथला कोरडा हंगाम होता, कारंज्यांच्या दगडी चकत्यांना पडलेली बारीक भोकं तेवढी बघायला मिळाली. इथे एक खरं सांगायला हवं. ते लोक या भागाला कोरडा पट्टा म्हणतात, पण तिथे वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या मराठवाड्याला तेवढा कुठला? तेव्हा तिथलं सगळं इथे जसंच्या तसं होईल असं मी म्हणणार नाही. पण तिकडेही पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडून जातो आणि पुढचे महिने तळ्यावर काढावे लागतात. साठवणीची निकड त्यांनाही होती, आम्हालाही आहे.

लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की कपारीत चित्रं. ढगातून अर्ध्या वर आलेल्या स्त्रिया, हातात फुलं, कुणाच्या हातात तबक. फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. १९६७ साली कुणीतरी या चित्रांवर रंग फासून मोठी नासधूस केली होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ज्याने डोळे भरून पाहिलं आहे, त्याला इथे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. तेच झुकलेले डोळे, तीच बोटांची ठेवण. आणि काळही तोच. हरिषेण वाकाटकाच्या काळात वाघूरच्या काठी ते लेणं रंगत होतं, त्याच शतकाच्या अखेरीस इथे कश्यपाचे चितारी कपारीत उभे होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर सिंहल अवदान ही बौद्ध कथा रंगवलेली आहे. जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर पोचलेला सिंहल नावाचा व्यापारी, त्याला पाठीवर घेऊन सोडवणारा पांढरा घोडा, आणि मग हत्तींसह नावांतून बेटावर उतरणारी त्याची सेना. सिंहलद्वीपाची ही गोष्ट समुद्रापासून एवढ्या लांब, सह्याद्रीच्या पलीकडे, आपल्या गावकुसाजवळ कुणीतरी भिंतभर रंगवली. त्या चित्रकाराने लंका पाहिली होती का, हे विचारायला आज कुणी नाही. पण ती कुणाकडून तरी ऐकल्याशिवाय नावेत उभे असलेले हत्ती त्याने काढले नसते. मला वाटतं, श्रीलंकेला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या प्रत्येकाने आधी ती भिंत नीट बघून घ्यावी. तिकिटाच्या रांगेत उभं राहून पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघायचा आणि सतरावं लेणं घाईत उरकायचं, असं होतं, ते टाळावं.

वरच्या सपाटीवर वाड्याची जोती आहेत आणि कातळात कोरलेलं मोठं टाकं. त्यात पाणी होतं.

रविवार

सकाळी पोलोन्नरुव. इथे चोळांचं राज्य होतं, ते १०७० मध्ये विजयबाहूने उलथवलं, आणि बाराव्या शतकात पराक्रमबाहू या राजाने तळ्यांचं काम टोकाला नेलं. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाऊ नये, हा त्याचा ध्यास. त्याच्या नावाचा पराक्रम समुद्र म्हणजे वेगवेगळी तळी जोडून केलेला जलाशय. बांध सुमारे चौदा किलोमीटर. पैठणच्या धरणाची भिंत दहा किलोमीटरची, तीही यंत्रांनी बांधलेली.

गल विहारात एकाच कातळात बुद्धाच्या मूर्ती आहेत. निजलेली मूर्ती चौदा मीटर, म्हणजे अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या जवळजवळ दुप्पट. दगडातली नैसर्गिक रेघ चेहऱ्यावरून, गळ्यावरून तशीच वाहत गेली आहे, ती कोरणाऱ्याने लपवलेली नाही. डोक्याखालची उशी बघा. डोक्याच्या भाराने ती जिथे दबली आहे, तिथे दगडाला हलकी खळी पाडली आहे. ताई तिथे बसूनच राहिली, बाकीचे अवशेष आम्हीच बघून आलो.

दुपारी तीनला जीपने मिन्नेरिया. हे तळं तिसऱ्या शतकाच्या अखेरचं, महासेनाचं, ज्याचा स्तूप शुक्रवारी पाहिला त्याच राजाचं. पाण्याचं एवढं काम केल्यामुळे लोकांनी त्याला देव केलं. मिन्नेरी देवियो म्हणून आजही त्याची पूजा होते. आता तळ्याभोवती अभयारण्य आहे, १९९७ पासून राष्ट्रीय उद्यान.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आजूबाजूचे पाणवठे आटतात आणि मिन्नेरियाचं पाणी मागे सरकतं. उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं, आणि त्या गवतासाठी दूरदूरच्या रानांतून हत्ती येतात. दोन-तीनशे हत्ती एका वेळी दिसतात अशी या जागेची ख्याती आहे. नाथसागराचं पाणी ओसरलं की गाळपेरीला काठाकाठाची माणसं जशी उतरतात, तसे हे कळप उतरले होते. आम्ही उभे होतो तिथून एक हत्तीण वीस-पंचवीस पावलांवर होती. ती सोंडेने गवताचा झुपका धरायची, पुढच्या पायाच्या नखाने मुळाशी हलकी ठोकर द्यायची, झुपका उपटायची, आणि तोंडात घालण्याआधी दोन-तीन वेळा स्वतःच्या पायावर आपटून माती झाडायची. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं. तेही सोंड फिरवून तसंच करू बघत होतं, पण गवत हातातून निसटायचं. मग त्याने आईच्या तोंडातलं ओढून घेतलं. हिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. इथल्या हत्तींत सुळेवाले फार थोडे असतात, नरांनाही बहुतेक सुळे नसतातच. मागे पाण्यात रंगीत करकोचे आणि पाणकावळे. तेवढे मात्र आपल्या जायकवाडीचेच.

जीपवाल्याने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. वरच्या अंगाला मोरगहकंद हे नवं धरण २०१८ मध्ये पूर्ण झालं. तिथून पाणी सोडल्यामुळे काही वर्षी ऐन कोरड्या दिवसांत मिन्नेरिया भरलेलं राहिलं, गवताचं मैदान पाण्याखाली गेलं आणि हत्तींना खायला उरलं नाही. मग ते शेतात शिरतात. मी जन्मभर भरलेलं धरण बघून खूश होणारा माणूस. भरलेलं तळं कुणाच्या तरी तोंडचा घास असू शकतं, हे मी तिथे शिकलो. पाण्याचं नियोजन करताना हंगामात तळ्याचा किती भाग मोकळा ठेवायचा, याचाही आकडा तक्त्यात असला पाहिजे. रोही आणि रानडुकरांसाठी दाजींच्या बांधावर झटका मशीन आहे. तिकडे हत्तींसाठी विजेच्या तारा. तारांच्या दोन्ही बाजूंना जे घडतं, ते दाजींना वेगळं सांगावं लागलं नाही.

सोमवार

श्रावणी सोमवार, आणि ताईला कोणेश्वराचं दर्शन. पहाटेच त्रिंकोमालीचा रस्ता धरला. वाटेत कंतळे तळं लागतं. १९८६ च्या एप्रिलमध्ये हा जुना बांध फुटला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. आज बांध पुन्हा उभा आहे. मी गाडी थांबवून थोडं अंतर पाळीवरून चालून आलो. जुनं काम कितीही उत्तम असलं तरी त्याची रोज देखभाल लागते.

त्रिंकोमालीचं बंदर नैसर्गिक, खोल, तीन बाजूंनी जमिनीच्या कुशीत. त्यासाठी पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळे भांडले. कोणेश्वराचं जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याच्या बांधकामात घातले. आताचं देऊळ त्याच कड्यावर आहे, खाली निळा समुद्र. रावणाने तलवारीने चिरलेला म्हणतात तो कडा ताईने हात जोडून पाहिला. किल्ल्यात चितळं मोकळी हिंडतात, दर्शनाला आलेल्यांच्या हातचं खातात.

याच फ्रेडरिक किल्ल्यात १८०० सालाच्या अखेरीस इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली राहिला होता. त्याच्या राहण्याचं म्हणून घर दाखवतात. दाजी ते नाव ऐकून थबकले. २३ सप्टेंबर १८०३ ला हाच वेलस्ली केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात, जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. इंग्रज जिंकले, पण त्यांचेही दीड हजारांहून जास्त मेले-जखमी झाले, मराठ्यांच्या तोफांनी त्यांची रांग अक्षरशः कापली. दाजींच्या शेतापासून असई जवळ आहे. "आमच्या नदीतून गेलेला माणूस इथं राहिला होता," ते म्हणाले, आणि त्या घराभोवती एक फेरी मारून आले. असईला आज एवढंही कुणी दाखवत नाही. ते रणांगण नीट राखायला हवं, पाट्या हव्यात, शाळांच्या सहली तिथे न्यायला हव्यात.

दुपारी निलावेलीच्या रस्त्यावरचं युद्धस्मशान. हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा, प्रत्येकावर नाव, पलटणीचं किंवा जहाजाचं चिन्ह, वय. ब्रिटिश नौसैनिकांबरोबर भारतीय नावंही भेटतात. ९ एप्रिल १९४२ ला जपानच्या सुमारे १३० विमानांनी हे बंदर आणि चायना बेचा विमानतळ झोडपला. पर्ल हार्बरवर गेलेला जपानी नौसेनापती नागुमोचा ताफा तोच. लिओनार्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाने ४ एप्रिललाच समुद्रावर तो ताफा हेरून संदेश दिला होता. ८ तारखेला ताफा पुन्हा दिसला, म्हणून जहाजं बंदरातून आधीच बाहेर काढली होती. तरी हर्मिस ही विमानवाहू नौका बट्टिकलोआजवळ सापडली. तिच्यावर त्या दिवशी एकही विमान नव्हतं. ३०७ माणसं बुडाली. त्यांना थडगं नाही. इंग्रजांनी बांधलेल्या तेलाच्या शंभरेक टाक्या आजही बंदराजवळच्या झाडीत उभ्या आहेत.

परतताना ड्रायव्हर त्याच्या काळातल्या युद्धाबद्दल बोलला. तो याच जिल्ह्यातला. सरकार आणि तमिळ बंडखोरांची संघटना लिट्टे, म्हणजे ‘वाघ’, यांच्यातली यादवी १९८३ ते २००९ चालली. २००२ मध्ये शस्त्रसंधी झाली होती, ती हळूहळू कागदावरच राहिली, आणि शेवटच्या पर्वाची ठिणगी पडली ती पाण्याने. २१ जुलै २००६ ला त्रिंकोमालीच्या दक्षिणेला माविल आरू इथला दरवाजा वाघांनी बंद केला. खालच्या हजारो कुटुंबांचं पाणी तुटलं, सिंहली, तमिळ, मुसलमान सगळ्यांचंच. आठवड्याच्या आत विमानं बॉम्ब टाकू लागली. ऑगस्टमध्ये दरवाजा उघडला, पण लढाई थांबली नाही, ती मे २००९ पर्यंत चालली. मी आयुष्यभर दरवाजे उघडले आणि बंद केले, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेलं पाहिलं. एक दरवाजा काय करू शकतो, ते ऐकताना अंगावर काटा आला.

दाजींनी मला विचारायला लावलं, "आता तो दरवाजा कधी उघडायचा ते कोण ठरवतं?"

ड्रायव्हर म्हणाला, हंगामाआधी बैठक होते. पाटबंधाऱ्याचे अधिकारी आणि सगळ्या गावांचे शेतकरी बसतात. पाणी किती आहे, भात किती लावायचा, पाण्याची पहिली पाळी कोणत्या तारखेला, सगळं तिथे ठरतं.

"भांडणं होतात?"

"दर वेळी. सगळ्यांत मोठ्याने बोलतात ते शेवटच्या टोकाचे."

"बोलायलाच पाहिजे की," दाजी म्हणाले. मग दोघं पुढच्या सीटवर शेतीत शिरले. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतं एकाएकी बंद केली तेव्हा भाताचं काय झालं, हे तो सांगत होता, आणि दाजी सोयाबीनच्या भावाचं. मी मधे बसून दोघांचं भाषांतर करत होतो. हबरणा आलं तरी विषय बियाण्यावरच होता.